दोन चमचे रक्त

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे उभे आयुष्य रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेले. तेव्हा विषयही मी त्यातलाच घेतला आहे. नाव ऐकून घाबरू नका. रक्तात, लघवीत, पाठीच्या कण्यातील पाण्यात, अशा शरीरातील निरनिराळ्या द्रवांत डी.एन.ए.चे मोकळे तुकडे तरंगत असतात. ते वेगळे कसे काढतात आणि काढून काय साधते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या नाशिककरांना पूर नवा नाही. पाणी किती चढले ते आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहून ओळखतो. आणि पाण्यावरून काय वाहत आले, डहाळी की छपराचा पत्रा, हे पाहून वर काय झाले असेल त्याचा अंदाज बांधतो. वर कोणी गेलेले नसते, तरी नदी खबर आणते. रक्ताचेही तसेच आहे. शरीरातील पेशी रोज मरतात आणि नव्या होतात. पेशी मेली म्हणजे तिच्या आतील डी.एन.ए., म्हणजे आईबापांकडून आलेला तो लांबलचक धागा, तुटतो आणि त्याचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. हा धागा पेशीत रिळावर गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा असतो. तुटताना तो रिळांच्या मधोमध तुटतो, म्हणून बहुतेक तुकडे एकाच मापाचे, सुमारे १६७ अक्षरांचे निघतात. अख्खा धागा तीनशे कोटी अक्षरांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा चुरा किती बारीक ते कळेल.

हा चुरा प्रथम मांडेल आणि मेते या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना १९४८ साली दिसला. डी.एन.ए.चा पिळाचा आकार उलगडला तो १९५३ साली. म्हणजे धाग्याचे रूप कळण्याआधीच त्याचा चुरा सापडला होता! पण त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही. १९७७ साली असे दिसले की, कर्करोगाच्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात हे प्रमाण वाढलेले असते. पुढे १९९७ साली हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी गर्भवतीच्या रक्तात तिच्या बाळाचे तुकडे दाखवून दिले. रक्तातील पाण्यातून डी.एन.ए. काढावा कसा, असा त्यांना प्रश्न पडला होता. शिकत असताना ते झटपट शेवया उकळून खात. ते आठवून त्यांनी ते पाणी सरळ तापवून पाहिले आणि काम झाले! स्वयंपाकघरातील बुद्धी कोठे उपयोगी पडेल ते सांगता येत नाही.

आज काढण्याची रीत अधिक काटेकोर झाली आहे. प्रथम दंडातून साधारण १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे रक्त घेतात. त्याची गुठळी होऊ द्यावयाची नाही; कारण गुठळी होताना पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डी.एन.ए. मिसळतो. म्हणून नळीत आधीच औषध असते आणि नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करावयाची असते. मग ती यंत्रात गरगर फिरवतात. घुसळल्यावर लोणी वर येते. येथे जड पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते. हे पाणी अलगद काढून पुन्हा, आता फार वेगाने फिरवतात, म्हणजे चुकून राहिलेली पेशीही खाली बसते. नंतर पाचकरसासारखे एक द्रव्य घालून त्यातील प्रथिने विरघळवतात. मग येतात वाळूच्याच जातीचा लेप दिलेले लोखंडाचे अतिबारीक मणी. विशिष्ट क्षारांच्या पाण्यात डी.एन.ए. त्या लेपाला चिकटतो. बाहेरून लोहचुंबक धरला की मणी नळीच्या कडेला गोळा होतात. मळ ओतून द्यावयाचा, मणी मद्यार्काने धुवावयाचे आणि शेवटी क्षार नसलेल्या थोड्या पाण्यात डी.एन.ए. सोडवून घ्यावयाचा. हाती राहतो एक थेंब. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर पिवळ्या पाण्यात हे द्रव्य एका ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावे लागते. बहुधा दहा भागांच्या आतच.

म्हणूनच सगळी मदार नळीवर असते. साध्या नळीतील रक्त चार-सहा तासांत फिरवावे लागते. उशीर झाला, ऊन लागले किंवा धसके बसले की पांढऱ्या पेशी फुटतात. मग हव्या त्या चुऱ्याचे काय होते? खंडीभर ज्वारीत चार तीळ टाकून शोधत बसल्यासारखे होते. पेशी न फुटू देणाऱ्या खास नळ्याही आता मिळतात, त्यांत रक्त कित्येक दिवस टिकते. पण त्या महाग पडतात.

एकदा मालेगावहून एका गर्भवतीचे रक्त साध्या नळीत, मे महिन्याच्या दुपारी, मोटारीतून हिंदकळत आले. फिरवून पाहते तो पिवळे पाणी लालभडक झालेले. ते टाकून द्यावे लागले. ती पोर शंभर किलोमीटर अंतर तोडून पुन्हा आली, बरोबर सासूबाई होत्या. मी सुई टोचीत असताना त्या हळूच जवळ आल्या आणि म्हणाल्या, “ताई, एवढं रक्त घेता, तर मुलगा की मुलगी तेवढं सांगून टाका ना. तुम्हाला काय कठीण?”

भगिनींनो, कठीण खरोखरच काही नव्हते. डेनिस लो यांनी बाळाचे तुकडे ओळखले कसे? मुलग्याच्या पेशीत जे वाय नावाचे गुणसूत्र असते, ते आईच्या पेशीत नसते. गर्भवतीच्या रक्तात ते सापडले म्हणजे ते बाळाकडूनच आले. शोधाचा पुरावाच हा होता! ज्या खुणेने विज्ञानाचे दार उघडले, तीच खूण मुलीच्या जिवावर उठू शकते.

हा धोका आपल्या महाराष्ट्राने आधीच जोखला होता. गर्भजल काढून मुलगी आहे का ते पाहण्याचा धंदा बोकाळला, तेव्हा स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ साली या बाबतीत कायदा करणारे पहिले राज्य आपले ठरले. १९९४ साली देशाचा कायदा झाला, २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यात नुसती सोनोग्राफी येत नाही. गर्भवतीचे रक्त किंवा शरीरातील कोणताही द्रव तपासून गर्भाचे लिंग सांगणे, खुणेने सुचवणेही गुन्हा आहे. आणि कायदा असे धरून चालतो की, बाईने तपासणी करून घेतली तर नवऱ्याने वा नातलगांनी तिला भाग पाडले असावे. तसे नव्हते हे त्यांनी सिद्ध करावयाचे. तरीही आकडे पाहा. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. या हिशेबात ज्या नाहीत, त्या कोणाच्या तरी नाती होत्या.

मी त्या सासूबाईंना म्हटले, “मावशी, या रक्तातून बाळाला काही दुखणं तर नाही ना, त्याचा अंदाज घ्यायचाय. बाकीचं मी सांगणार नाही, तुम्ही विचारू नका.” त्या गप्प बसल्या. सुनेने मात्र माझा हात क्षणभर घट्ट धरला. ती काय म्हणत होती, ते मला कळले.

त्या तपासणीचे खरे काम आहे ते असे. दहाव्या आठवड्यापासून मातेच्या रक्तातील तुकड्यांवरून डाऊन सिंड्रोमसारखे दोष ओळखण्यास मदत होते आणि पोटात सुई घालण्याची वेळ पुष्कळींवर येत नाही. परंतु हे तुकडे मुख्यतः वारेतून येतात, प्रत्यक्ष बाळातून नव्हे. म्हणून उत्तर धोक्याचे आले तर गर्भजलाची तपासणी करून खात्री केल्यावाचून कोणताही निर्णय घेऊ नये.

कर्करोगाचेही असेच. याच तुकड्यांवरून फुप्फुसाच्या काही रोग्यांना कोणते औषध लागू पडेल ते आज ठरवता येते. आपल्या नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेच्या स्तनाच्या कर्करोगावरील रक्तचाचणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ असा दर्जा दिला. ती चाचणी तुकड्यांऐवजी गाठीतून सुटलेल्या अख्ख्या पेशी शोधते. आणि दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, तपासून पाहण्याचे काम लवकर व्हावे एवढीच ती सोय. गावातल्या कामाचा अभिमान जरूर बाळगावा. पण रोग लहान असताना गाठीचा चुरा रक्तात इतका थोडा असतो की, तो सापडला नाही म्हणजे रोग नाही असे होत नाही. अंगावर गाठ लागली, तर कोणत्याही रक्ताच्या कागदावर न विसंबता डॉक्टरांना दाखवावी.

तेव्हा घरी जाताना तीन गोष्टी पदरी बांधून न्या. रक्त द्यावयाचे तर नळी कोणती, ती किती वेळात पोहोचणार, हे विचारा. विचारण्यात संकोच कसला? उत्तर आले की डॉक्टरांकडून समजावून घ्या, शेजारणीकडून नको. आणि आपल्या घरात सून वा लेक तपासणीला निघाली, तर तिच्याबरोबर आपण जा, आणि मी सांगितलेला तो एक प्रश्न आपल्या तोंडून निघू देऊ नका. दोन चमचे रक्त ती देते. त्यातून काय वाचावयाचे आणि काय नाही, हे ठरवताना तिच्या पाठीशी एक तरी बाई उभी असली पाहिजे.

ते काम हे मंडळ करील, असा मला भरवसा वाटतो.