गोंवराची साथ आणि गणतीचें शास्त्र

सन २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यांत मुंबई, मालेगांव व भिवंडी या शहरांत गोंवराची साथ पसरली आणि तींत लहान बालकें दगावलीं. गोंवराची लस सन १९८५ पासून सरकारी लसीकरणांत मोफत मिळत आहे. असें असतां ही साथ आली कशी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत साहजिकच उभा राहील. त्याचें उत्तर शोधणाऱ्या विद्येस साथरोगशास्त्र म्हणतात.

वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो. साथरोगशास्त्रज्ञास सबंध वस्तीची पाहावी लागते. किती जणांपैकीं किती आजारी पडले, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. सन १८९७ मध्यें डॉ. हाफकिन यांनीं भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेगची लस टोंचली. टोंचून घेतलेले व न घेतलेले कैदी एकाच छपराखालीं, एकाच अन्नावर राहत होते. म्हणूनच दोहोंची तुलना करतां आली. आज या विषयांत डॉक्टरेटसाठीं अभ्यास करणारा विद्यार्थी हेंच शिकत असतो: तुलना कोणाशीं करावयाची आणि गणतींतून कोण सुटलें तें कसें ओळखावयाचें.

भिवंडींत हा दुसरा प्रश्न फार बिकट आहे. यंत्रमागांवर राबणारीं अनेक कुटुंबें उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेलीं असतात. तीं सणावारीं गांवीं जातात, परत येऊन खोली बदलतात. पहिल्या मात्रेच्या वेळीं, नवव्या महिन्यांत, मूल गांवीं असतें. दुसरीच्या वेळीं, सोळाव्या महिन्यानंतर, भिवंडींत. दोन्ही ठिकाणच्या वह्यांतून त्याचें नांव निसटूं शकतें.

येथें एक साधा हिशेब पाहावा. एका वस्तींत १०० पैकीं १०० मुलांस लस मिळाली, तेवढ्याच दुसऱ्या वस्तींत ८० मुलांस. सरासरी ९० भरते आणि कागद समाधानकारक दिसतो. परंतु प्रतिकारशक्ति नसलेल्या समाजांत गोंवराचा एक रोगी १२ ते १८ जणांस रोग देतो. त्याला आवरण्यास १०० त सुमारें ९५ जण सुरक्षित असावे लागतात. दुसऱ्या वस्तींतील त्या २० मुलांना सरासरी वांचवीत नाहीं.

म्हणूनच २०२२ च्या साथींत केंद्र सरकारनें धोक्याच्या भागांतील ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांस जादा मात्रा देण्याचा सल्ला दिला. अशी मात्रा पोहोंचते ती आशा सेविकेनें दार ठोठावल्यावर. पल्स पोलिओच्या मोहिमेंत ज्या घरीं मूल भेटलें नाहीं, त्या घरावर खडूची खूण करून तेथें पुन्हा जात असत. भारतांत नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला; त्या यशांत त्या खडूच्या खुणेचाही वाटा आहे. मोठा प्रबंध अखेर अशाच खुणांवर उभा राहतो.