व्यायाम : व्यसनमुक्तीच्या वाटेवरचा सोबती
(एका व्यायामशाळेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



घरात कोणी दारूच्या आहारी गेला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'मनावर घेतले तर सुटेल.' दुसरा, 'त्याला तालमीत घाला.' सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु व्यसन हा आजार आहे, याचा दोन्हींत विसर पडलेला असतो. आजारावर आधी उपचार व्हावे लागतात.

नित्य आणि भरपूर मद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. वेळीच उपचार न झाल्यास ते जिवावरही बेततात. अशा माणसाला पहाटे उठवून जोर-बैठका काढायला लावणे हे शौर्य नव्हे, अविचार आहे. पहिले पाऊल डॉक्टरांकडे, दुसरे व्यसनमुक्ती केंद्राकडे आणि तिसरे व्यायामशाळेकडे, हा क्रम ध्यानात ठेवावा.

मग व्यायामाने साधते काय? व्यसनाची ओढ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. तंबाखू सोडणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की, दहा-पंधरा मिनिटे झपझप चालल्याने ही ओढ काही काळ मंदावते. नियमित व्यायामाने झोप सुधारते, उदासी कमी होते. मात्र अतिशयोक्ती नको. धूम्रपान सोडणाऱ्यांवरील चाचण्यांचा २०१९ साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना व्यायामाची जोड दिल्याने दीर्घकाळ धूम्रपान सुटते, असा पुरावा त्यात आढळला नाही. व्यायाम हा औषधाचा पर्याय नाही. तो वाटेवरचा सोबती आहे.

आणि सोबतीचीच तर खरी गरज असते! केंद्रातून घरी परतलेल्या माणसाचा दिवस कामात निघून जातो. अवघड असते ती संध्याकाळ. ज्या वेळी पूर्वी पावले गुत्त्याकडे वळत, ती वेळ आता रिकामी असते. जुने मित्र टाळायचे असतात आणि नवे अजून जोडलेले नसतात. ही पोकळी केवळ उपदेशाने भरत नाही. तिथे ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि 'आलास का?' असे विचारणारा माणूस लागतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. तेथील दिनक्रमात समूहोपचार आणि समुपदेशनाबरोबर योग-व्यायामालाही स्थान आहे. केंद्रात लागलेली ही शिस्त घरी आल्यावर टिकवायची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

इथे आपल्या व्यायामशाळांचे कर्तव्य सुरू होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो त्याला साधने लागत नाहीत आणि पैसाही लागत नाही म्हणून सर्वसामान्यांना सहज पेलला. संसार कर्जात बुडालेल्या माणसालाही तो परवडतो. प्रारंभ अर्ध्या तासाच्या चालण्याने करावा. यकृत, हृदय तपासून डॉक्टरांच्या संमतीने हळूहळू वाढवावे. महिन्याभरात दंड फुगवण्याची घाई नको. पिळदार शरीराच्या मोहाने स्टेरॉइडची सुई टोचून घेणे म्हणजे एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडणे होय.

वस्तादांना एक विनंती. त्याचा भूतकाळ चारचौघांत काढू नका आणि त्याला 'उदाहरण' म्हणून उभेही करू नका. तो चार दिवस आला नाही, तर घरी जाऊन चौकशी करा. पुन्हा घसरला असेल, तर त्याला उपचारांकडे न्या. पण आखाड्याचे दार लावून घेऊ नका. घसरण हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे, उपचारांचा पराभव नव्हे.

माता-भगिनींना एवढेच सांगेन, की पाळतीपेक्षा सोबत मोलाची. त्याच्या खिशाची झडती घेण्यात जाणारी संध्याकाळ त्याच्याबरोबर फिरण्यात घालवून पाहा. त्याच वेळी स्वतःच्या प्रकृतीकडेही लक्ष द्या. कारण या आजाराने सारे घरच थकलेले असते.

आपल्या गल्लीत उपचार घेऊन परतलेला एक तरी माणूस असेलच. उद्या सायंकाळी त्याला हाक मारा आणि सोबत घेऊन या.