गोष्ट सांगावी, तात्पर्य राखून ठेवावे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील पालकसभेत केलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास या व्यासपीठावर बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मोठमोठ्या ग्रंथांचे व्यासंग माझ्या हातून झालेले नाहीत. तथापि पहिली-दुसरीच्या वर्गांत हयात गेल्यामुळे लहान मुले गोष्ट कशी ऐकतात, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा घरच्या घरी गोष्टींतून मुलांस शिकविणे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांस विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण केले, ही पंचतंत्राची प्रस्तावना आपण सारे जाणतो. परंतु ते राजपुत्र होते, पाळण्यातून नुकती उतरलेली बालके नव्हेत, याचा पालकांस विसर पडतो. पहिल्याच तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह व बैल यांच्या मैत्रीत बिब्बा घालतो. बैलाचा प्राण जातो आणि दमनक मात्र मंत्रिपद भोगीत सुखाने राहतो. राज्य करणाऱ्यास हे कळलेच पाहिजे. चार वर्षांच्या मुलास ते सांगून काय साधावयाचे? बाळास सापापासून वाचविणाऱ्या मुंगसाचा घरधनिणीच्या हातूनच घात होतो, ती गोष्टही आठ-नऊ वर्षांपर्यंत खुशाल थांबू द्यावी.

लहानग्यांसाठी आपल्या आजीबाईंनी निराळेच भांडार ठेवले आहे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी घ्या. वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, आणि ती प्रत्येकास तेच उत्तर देते. थोरांस हा पुनरुक्तीचा कंटाळा येतो. मुलाचा सारा आनंद त्यातच असतो. पुढे काय येणार हे त्याला आधी ठाऊक असते, म्हणून ते आपल्याबरोबर बोलू लागते. क्रम, कारण, आधी आणि नंतर, ही सारी भाषेची उभारणी तेथे होत असते. जे मूल तोंडी गोष्ट नीट सांगते, त्याला पुढे निबंध लिहिणे जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय जाते, उखळ, उतरंड, शिंके या वस्तू आपल्या घरांतून गेल्या. त्यांची नावे आता उरली असतील तर गोष्टींतच.

आता मुख्य मुद्दा. इसापाच्या कथा सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली मराठीत आणल्या. पुढे शालेय पुस्तकांतून गोष्टीखाली ‘तात्पर्य’ छापण्याची रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली की, आई मांडीवरच्या मुलालाही गोष्ट संपताच ‘मग यातून काय शिकलास?’ असे विचारते. माझ्या मते गोष्टीचा घात होतो तो येथेच.

काऊचिऊची गोष्ट पाहा. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो आणि काऊचे घर वाहून जाते. आपण तात्पर्य काढतो की, घर पक्के बांधावे. वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादे तरी मूल विचारी, ‘गुरुजी, चिमणीने दार लवकर का नाही उघडले?’ मुलाचे लक्ष घराच्या बांधणीकडे नसते. ते भिजणाऱ्या कावळ्यापाशी गेलेले असते. हा प्रश्न म्हणजेच धडा. त्यावर उत्तर देण्याची घाई न करता ‘तू असतास तर काय केले असतेस?’ एवढेच म्हणावे आणि थांबावे.

श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी हा तर या बाबतीत हिराच आहे. देवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजाज्ञा होते. लोक धाकाने घरचे सारे दूध आणून ओततात. लेकरे व वासरे उपाशी राहतात आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांस व वासरांस पाजून उरलेले थोडेसे दूध आणते आणि गाभारा भरतो. राजाची आज्ञा चुकीची असू शकते, हे या कहाणीत किती सहज आले आहे! मूल ते आपणहून बोलेल. आपण बोललो तर ते केवळ मान डोलावील.

पेशाने वकील असलेल्या गिजुभाई बधेका यांनी भावनगरास बालशिक्षणाला वाहून घेतले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा मुलांस शांत बसविण्याचा खेळ फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि दंगेखोर वर्ग ताळ्यावर येतो. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत काम केले आणि पुढे तीच दृष्टी बोर्डी-कोसबाडच्या वनवासी मुलांपर्यंत नेली.

कित्येक घरांत पतिपत्नी दोघेही नोकरीस जातात, आजी-आजोबा गावी असतात आणि जेवताना मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. मी मोबाईलचा वैरी नाही. माझ्या नातीशी मी त्यावरच बोलतो. परंतु पडद्यावरची गोष्ट मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. आई थांबते. रात्री दिवा मालवल्यावर दहा मिनिटे, घरच्या बोलीत, एकच गोष्ट आठवडाभर सांगितली तरी पुष्कळ झाले. इंग्रजी शाळेतील मुलाचे याने नुकसान होईल, ही भीती निराधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र या व्यासपीठावरूनच बोलली पाहिजे. अमक्या जातीचा माणूस लबाड, तमक्या जातीचा मूर्ख, अशा धर्तीच्या गोष्टी आपल्याही घरांत हसत हसत सांगितल्या जातात. काळ्या सुनेची थट्टा, सावत्र आईचा छळ यांचीही तीच गत. जुन्या म्हणून त्या जपण्याचे कारण नाही. मूल गोष्टीतील माणूस लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्याच शेजारी बसते.

काऊचिऊच्या गोष्टीचा शेवट घरोघरी निराळा असतो. कोठे काऊ तापल्या तव्यावर बसतो, कोठे त्याला ऊब मिळते. आपापल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस तो विचारावा, तिच्याच शब्दांत, गावाचे नाव घालून उतरून घ्यावा आणि दिवाळीपूर्वी संपादकांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या आईने सांगितलेला शेवट मी आजच त्यांच्याकडे दिला आहे.