घसारा कोणाकोणाचा धरायचा?
(यवतमाळ जिल्हा बैठकीत महिला आघाडीच्या वतीने केलेले भाषण)



कापसाचा भाव, ज्वारीचा खर्च, कर्जाचा हिशेब हे या बैठकीत दर वेळी होतं. आज आम्ही बायांनी वेळ मागून घेतला तो एका दुखण्यासाठी. त्याचं नाव घ्यायला जीभ अडखळते, पण घेतो. अंग बाहेर येणं. गर्भाची पिशवी, कधी लघवीची पिशवी आपली जागा सोडून खाली सरकते. आधी नुसतं जड वाटतं, मग उठता-बसता काहीतरी खाली आल्यासारखं होतं, पुढे ते हाताला लागतं. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. दुखणं तुमच्याच घरातलं आहे.

बाजेला नवार असते तसा पिशवीला खालून स्नायूंचा आधार असतो. बाळंतपणात तो ताणतो. कळा लांबल्या, पिशवीचं तोंड उघडण्याआधीच बाईला जोर करायला लावलं, लागोपाठ बाळंतपणं झाली, तर जास्तच ताणतो. तो पुन्हा आवळून यायला काही आठवडे लागतात. आणि त्याच आठवड्यांत आमच्या बाया काय करतात? डोक्यावर पाण्याचा गुंड, जळणाची मोळी, निंदण. वेचणीचे दिवस असले तर ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीत वाकायचं आणि संध्याकाळी कापसाचं गाठोडं उचलायचं. वेचणीची मजुरी किलोवर, जी बसली तिचे पैसे बुडाले. त्यात चुलीच्या धुराचा खोकला आणि पोट साफ नसणं. प्रत्येक जोर खालीच उतरतो. पाळी गेल्यावर आधार आणखी सैल पडतो, म्हणून विशीतली इजा पन्नाशीत उघडी पडते.

मग लघवी ठिबकते, नाहीतर अडते. पूर्ण होत नाही म्हणून जळजळ, ताप. शेतात आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही, त्यानं जळजळ वाढते. बाहेर आलेलं अंग लुगड्याला घासून जखमा होतात. फार वर्षं अंगावर काढलं तर मूत्रपिंडालाही धक्का बसतो. नवऱ्याजवळ जाणं नको होतं, आणि कारण सांगता येत नाही. घरात नाव पडतं, कामचुकार!

बाया बोलत नाहीत हे आम्ही मनानं सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८.

आता उपायाचं. सुरुवातीला असेल तर लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, दहा मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. काही महिने नेमानं केलं तर गुण येतो. त्यापुढे डॉक्टर आतून रबराची रिंग बसवतात. तिनं पिशवी वर राहते, चिरफाड लागत नाही. फार खाली आलं असेल तर ऑपरेशन, पण त्यात खरं काम आधार शिवण्याचं. नुसती पिशवी काढून आधार तसाच सोडला तर वरचा भाग पुन्हा खाली येऊ शकतो. बीडमध्ये ऊसतोड बायांचं काय झालं ते २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं, तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या. म्हणून 'काढून टाका' म्हणणाऱ्याला आधी विचारा, रिंगेनं भागेल का? आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येतं. झरी-जामणीहून यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चं भाडं, हेही आम्हाला ठाऊक आहे.

कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो त्यात औजारांचा घसारा धरतो. वखर झिजतो, डवरा झिजतो, मान्य. घरच्या माणसांची मजुरीही हिशेबात येते, पण दिवसाची. गुंड वाहून, गाठोडी उचलून बाईचं अंग झिजलं त्याचा रकाना कुठे आहे? नोकरदार बाईला २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पऱ्हाटीतल्या बाईला सहा आठवडेही नाहीत. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली या दुखण्याला बाईच्या हक्काचा प्रश्न मानून सरकारला उपाय करायला सांगितलं. तोही आपल्यासारखाच ओझी वाहणाऱ्या बायांचा मुलूख.

भाव बांधून मागताना हा घसारा मागायचा की नाही ते तुम्ही बोला. आमचा ठराव मात्र घरापासून आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे गुंड, मोळी आणि गाठोडं घरच्या पुरुषानं उचलायचं. आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळाला बघायला येते, तिनं आईलाही हे विचारायचं. आणि वेचणी लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई डॉक्टरचा एक तपासणीचा दिवस मागायचा, अर्जावर सह्या पुरुषांच्याही हव्यात. अर्ज लिहून आणला आहे, मंचाच्या डाव्या बाजूला ठेवला आहे.