बालकाची वेदना मोजावी कशी?

(लासलगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या लासलगावच्या बाजार समितीत काट्यावर चढल्याविना कांद्याचे वजन कोणी मान्य करीत नाही. शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या लेकराची वेदना मात्र आपण केवळ अंदाजाने ठरवितो. ‘रडत नाही, म्हणजे दुखत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु सुईच्या भयाने मूल मुके राहते. कित्येकदा दुखण्यानेच ते निपचित पडते.

हा भ्रम केवळ आपलाच नव्हे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात अर्भकास वेदना फारशी कळत नाही, अशा समजुतीने पुढारलेल्या देशांतही अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे संशोधन करून १९८७ साली दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांच्या बालकांस भुलेबरोबर प्रभावी वेदनाशामक दिल्यास शस्त्रक्रियेचा ताण व नंतरचे उपद्रव कमी होतात.

वेदना मोजण्याची रीत सोपी आहे. लहान बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे व समजुतीने शांत होणे, या पाच गोष्टींस ० ते २ गुण द्यावयाचे. त्रास जितका अधिक, तितके गुण अधिक. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत बेरीज १ ते ३ आल्यास वेदना सौम्य, ४ ते ६ मध्यम व ७ ते १० तीव्र समजतात. तीन वर्षांपुढील मुलास हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांचे चित्र दाखवावे. साधारण आठ वर्षांपुढे ० ते १० पैकी आकडा विचारावा. मूल सांगेल तो आकडा खरा मानावा.

आमची माताभगिनींस विनंती आहे की, मूल पडून असतानाच नव्हे, तर कूस बदलताना व खोकतानाही पाहावे. औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा मोजावे व आकडे वहीत टिपून डॉक्टरांस दाखवावे. थोरांच्या उरलेल्या गोळ्या मुलांस कदापि देऊ नयेत. वेदना उतरण्याऐवजी चढू लागल्यास, किंवा ताप आल्यास, विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

‘मुलगा असून रडतोस?’ आणि ‘मुलीच्या जातीने सोसावे’ ही दोन वाक्ये आपण आपल्या घरांतून हद्दपार करू या. सहनशीलता हा थोरांचा गुण खरा; परंतु टाके पडलेल्या लेकराकडून त्याची अपेक्षा करणे हा धर्म नव्हे.