बांबू आपला, पासबुक कोणाचं?

कॅनडातले आदिवासी जुने तह पुढे ठेवून सरकारशी स्वशासनाची बोलणी करतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गोंडांकडे तह नव्हता, २००६चा वनहक्क कायदा होता. २००९ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. पण गंमत बघा, बांबू विकायला बाहेर न्यायचा तर वाहतूक पास हवा, आणि पासबुक वनखात्याकडे! मग हक्काचं काय लोणचं घालायचं? ग्रामसभा अडून बसली. तिथे मतदान नसतं बरं का, एकमत होईपर्यंत बोलतात. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुक ग्रामसभेला मिळालं. डोंबिवलीहून कसारा लोकलने आसनगावला उतरलात की शहापूर तालुका. तोही पेसा कायद्याखाली येतो. तिथल्या ग्रामसभेला विचारा, तुमचं पासबुक कोणाकडे आहे?