तौक्ते गेले, सातबारा कुठून आणायचा?

(मालवण तालुक्यातील वाडी-बैठकीत केलेले भाषण)



हवामान बदल हा शब्द आपण रेडिओवर ऐकतो. शब्द नवीन आहे, पण त्रास आपण कधीचा भोगतोय. मिरगाचा पाऊस कधी, कुर्ल्या कधी वर येणार, हा हिशेब आपल्या म्हाताऱ्यांकडे होता. आता तो लागत नाही. डिसेंबरात पाऊस पडतो, काजूचा मोहोर काळा पडतो. बागायतदाराची बाग जाते आणि आपली मजुरी जाते. मजुरीचा पंचनामा कोण करतो?

हे का होते? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत उष्णता अडकते. त्यातली बहुतेक समुद्र पितो. अरबी समुद्र तापला, आणि गरम पाण्यावरच चक्रीवादळ पोसते. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार किनाऱ्याला लागले नाही, तरी कापणीचे भात भिजवून गेले. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग रायगडात घुसले. 16 मे 2021 ला तौक्ते आपल्या दारावरून गेले. पाणी फार तापले की समुद्रातली पोवळीसुद्धा पांढरी पडतात. मालवणात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण पाटी लावून पाणी थंड होत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या हे खरे. पण कोळसा व्यापाऱ्याचा, पैसाही त्याचाच. आपण कातकरी तेव्हाही उपाशी.

तौक्तेत आपले पत्रे उडाले, काजू-फणस आडवे झाले. पंचनाम्याला आलेल्यांनी पहिले विचारले, सातबारा हाय काय? वरकस जमिनीत तीन पिढ्या नाचणी पेरली, त्याचा कागद नाही. म्हणून नुकसानही नाही!

आता नीट ऐका. वनहक्क कायदा 2006 चा आहे. आदिवासी 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असेल ती वनजमीन, 4 हेक्टरपर्यंत, त्याच्या नावे होऊ शकते. पुराव्याला कागदच पाहिजे असे नाही. नियम 13 वाचा. जुनी घरे, बांध, विहिरी, दफनाची जागा, देवाची जागा चालते. म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. मात्र निदान दोन पुरावे जोडा. वादळाने आपल्या हद्दीची खुणेची झाडे पाडली आहेत. कुठले झाड कुठे होते हे सांगणारी माणसे आता थोडीच उरलीत. त्यांचे जबाब पावसाआधी घ्या, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

आणखी एक. हवामानाच्या नावाने आता आपल्या वरकसावर झाडे लावायला लोक येतील. झाडांना आपला विरोध नाही, रतांबा, हिरडा आपणच जपला. पण कलम 4(5) सांगते, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. खड्डे मारायला आले की ग्रामसभेचा ठराव मागा.

मालकी जागेतल्या वाड्यांना हा कायदा तसा लागत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुढच्या बैठकीत बोलू. त्या वाड्यांनी घरपट्टीच्या पावत्या आणि रेशनकार्ड घेऊन यावे.

जिंदाबाद!